उलट्या टाक्यांचा कोट

बेगिमायला कोट नको होता, नुसतं कापड हवं होतं. तलास शहराच्या रविवारच्या बाजारात जुन्या कपड्यांचा ढीग घालून बसणारी एक बाई होती. दुपार कलली की ती उरलेसुरले नग किलोच्या भावानं काढून टाकायची आणि बेगिमाय नेमकी त्याच वेळेला तिथं जाऊन उभी राहायची. त्या दिवशी ढिगाच्या तळातून राखाडी रंगाचा एक बायकी कोट निघाला. लांब, जड, कोपरांवर घासून गुळगुळीत झालेला.

"घेतेस तर घे बाई हा," कपडेवाली म्हणाली. "तीन आठवडे नेतेय नि आणतेय. खांदे दुखायला लागले माझे."

"आत अस्तर आहे ना?"

"अस्तर आहे, बटणं आहेत, कॉलर आहे. आणखी काय, आत माणूस पण पाहिजे का?"

बेगिमाय हसली आणि कोट काट्यावर ठेवायला लावला. साडेतीन किलो भरला.

डिसेंबर सुरू झाला होता. शेतातला घेवडा झोडून, निवडून, पोत्यांत भरून कधीच ट्रकांतून गेला होता. एप्रिलपर्यंत जमिनीला हात लावायचा नाही. गावातल्या बायका या दिवसांत एकमेकींकडे चहाला जात, लोणी लावलेल्या पावाचे तुकडे मोडत आणि सगळ्या लग्नांचा हिशेब नव्यानं मांडत. बेगिमायला त्यात फार वेळ रमता यायचं नाही. तिला मागच्या हिवाळ्यापासून एका खिशानं पछाडलं होतं.

झालं होतं असं. नवऱ्याच्या, म्हणजे मेदेरच्या जाकिटाची चेन तुटली म्हणून तिनं ती स्वतः बदलली. चेन बसली, पण बसवताना तिचं लक्ष खिशाकडे गेलं. दोन कापडं जिथं जोडतात तिथं खिसा असला तर त्यात नवल काही नाही, शिवण तेवढी उघडी ठेवायची. हा खिसा मात्र सलग कापडाच्या मधोमध होता. एक सरळ फट, तिला खाली-वर दोन बारीक ओठ, आणि आत पिशवी. मग कापलेल्या कडा गेल्या कुठं? कापड कापलं की सुतं निघायला हवीत. तिनं खिसा आतून पाहिला, बाहेरून पाहिला, उलटा करून दिव्यासमोर धरला. समजलं नाही. आणि न समजलेली गोष्ट बेगिमायला दातात अडकलेल्या मांसाच्या तंतूसारखी छळायची. जीभ सारखी तिथंच जायची.

शहरात शिवणाचा एक वर्ग चालायचा. तिथली फी ऐकून ती चपला न काढताच दारातून परत फिरली होती. घरात मशीन होतं, सासूनं लग्नात माहेराहून आणलेलं, हातानं फिरवायचं. पण त्याच्यावर पोत्यांशिवाय दुसरं काही शिवलेलं कुणाला आठवत नव्हतं. मेदेर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस. त्यानं ते मशीन सुटं करून रॉकेलनं धुतलं, तेल घातलं आणि "आता हे शेत पण नांगरेल" असं म्हणून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं पहिला प्रयोग त्याच्याच जुन्या पँटवर केला. मांडीवर मधोमध चीर दिली, आत पिशवी शिवली, कडा दुमडल्या. खिसा झाला, फक्त त्याचं तोंड आतल्या बाजूला उघडायला लागलं.

सासूबाई कालिपा, ज्यांना बेगिमाय 'एने' म्हणजे आई म्हणायची, चुलीजवळ बसून बघत होत्या. त्यांनी पँट हातात घेतली, खिसा चाचपला आणि शांतपणे म्हणाल्या, "छान. चोराला पैसे हवे असतील तर आधी पँट काढून मागावी लागेल."

तेव्हापासून बेगिमायनं ठरवलं की शिवण्याआधी उसवायचं. जे कुणाला तरी येत होतं ते त्या कपड्यात कुठंतरी असणारच. बाजारातून एक एक जुना कपडा आणायचा, ब्लेडनं टाका टाका मोकळा करायचा आणि कुठला तुकडा कशावर बसला होता ते मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर काढून ठेवायचं. शर्ट झाले, एक स्कर्ट झाला. कारखान्याच्या कपड्यांत फारशी गंमत नव्हती. सगळीकडे एकसारखी धाव, एकसारखा दोरा. राखाडी कोट तसा निघाला नाही.

अस्तर सुटलं आणि ती उसवायची थांबलीच.

कॉलरच्या आत विकतचं कडक कापड नव्हतं. पातळ नमदा होता, घरी लोकर भिजवून लाटतात तसला. छातीच्या भागात घोड्याच्या शेपटीचे केस सुतात आडवे विणून बसवले होते. मुठीत दाबून सोडले की कापड पुन्हा ताठ. बगलेखाली, जिथं कुणाचं लक्ष जाणार नाही तिथं, बाही तीन तुकडे जोडून पुरी केली होती आणि तुकड्यांची वीण इतकी जुळवली होती की बेगिमायला बोटानं शोधावं लागलं. उजव्या खांद्यात नमद्याच्या दोन गाद्या, डाव्या खांद्यात एकच. खिशाच्या पिशव्या पिठाच्या पोत्याच्या होत्या. एकीवर निळ्या शाईचा अर्धा शिक्का अजून वाचता येत होता, 'केंग-बुलाक गिरणी'.

"कापड कमी होतं बिचाऱ्याकडे," ती पुटपुटली.

"कुणाकडे?" कालिपांनी विचारलं.

"ज्यानं शिवला त्याच्याकडे. पण एने, बघा तरी. कमी आहे ते कुठंच दिसू दिलेलं नाही."

"मला तर आता सगळ्या चिंध्याच दिसतायत. परवा हा कोट होता."

तिसऱ्या दिवशी आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, कॉलरमधले हाताचे टाके. तिनं स्वतः घातलेले टाके उजवीकडे झुकायचे. शेजारणीनं घातलेलेही, सासूबाईंचेही. या कोटातला प्रत्येक टाका डावीकडे झुकत होता. शेकडो टाके, सगळे उलटे, आणि सगळे एका मापाचे.

दुसरी गोष्ट डाव्या छातीच्या आत, अस्तराखाली सापडली. एक चोरखिसा. पण कसला? दोन बोटं रुंद आणि वीतभराहून जास्त खोल. आतून नमदा लावलेला, तळाला नमद्याची छोटी उशी.

"चाकू," मेदेर म्हणाला.

"चाकूला उशी कशाला? आणि धारेनं नमदा कापला नसता का?"

"मग बासरी."

"बाई कोटात बासरी घालून फिरत होती?"

कालिपांनी खिशात दोन बोटं घातली, डोळे मिटले, विचार केल्यासारखं केलं. "वोडका," त्या म्हणाल्या. "बारीक बाटली. थंडीत बाईमाणसालाही गरज पडते. नमदा एवढ्यासाठी की चालताना आवाज येऊ नये."

"एने!"

"मला काय विचारतेस मग? ज्यानं शिवलं त्याला विचार."

सासूबाई टोमणा मारून मोकळ्या झाल्या, पण बेगिमायनं ते वाक्य उचलून धरलं. केंग-बुलाक काही चंद्रावर नव्हतं. मिनीबसनं तासाभराची वाट. गिरणी बंद पडून पंधरा वर्षं झाली असतील, पण गिरणी बंद पडली म्हणून माणसं थोडीच बंद पडतात? तिनं कोटाचे सगळे तुकडे इस्त्री करून घडी घातले, वही वर ठेवली, चादरीत गाठोडं बांधलं आणि भेट म्हणून पिशवीभर पांढरा घेवडा घेतला.

"निघाली," कालिपा मेदेरला म्हणाल्या. "लोक हरवलेली मेंढी शोधायला जातात. तुझी बायको शिंपी शोधायला चाललीय."

केंग-बुलाकच्या दुकानात काउंटरमागे एक जाडजूड बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. बेगिमायनं सलाम करून विचारलं, "आपा, या गावात पूर्वी कोट शिवणारं कुणी होतं का? डावखुरं?"

"डावखुरं?" बाईनं साल थुंकलं. "शिवणारा म्हणशील तर सुयुनबाय आबा. पण ते जेवतात उजव्या हातानं. माझ्या सासऱ्यांच्या जेवणावळीत मीच वाढलंय त्यांना."

"घर कुठं त्यांचं?"

"कालव्याच्या पलीकडे, निळं फाटक. पण त्यांना आता दिसत नाही गं. काही शिवायला टाकायचं असेल तर उशीर झाला."

निळं फाटक आबांच्या सुनेनं उघडलं. आत उबदार खोलीत, खिडकीशी, एक बारीक चणीचा म्हातारा पाय दुमडून बसला होता. दाढी विरळ, डोळ्यांवर दुधासारखी साय आलेली. बेगिमायनं आपलं नाव, गाव, नवऱ्याचं नाव सांगितलं. सून चहा ठेवून गेली. म्हातारा वाट बघत होता. बेगिमायनं गाठोडं सोडलं आणि कॉलरचा तुकडा त्याच्या हातात दिला.

सुयुनबाय आबांचा अंगठा टाक्यांवरून एकदा गेला. मग पुन्हा, उलट दिशेनं. चेहरा बदलला.

"राखियाचा," ते म्हणाले. "पण बाकीचा कुठं आहे?"

"इथंच आहे, आबा. सगळा आहे."

त्यांनी हात पुढे केले. तिनं पाठ दिली, बाह्या दिल्या, पुढचे भाग दिले. ते एकेक तुकडा चाचपत गेले आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत गेली.

"हे कुणी केलं?"

"मी," बेगिमाय म्हणाली.

"का? हा कोट अजून दहा वर्षं गेला असता."

"मला बघायचं होतं आत काय आहे."

"आत काय आहे! आत थंडी वाजणारं माणूस असतं, दुसरं काय असतं कोटाच्या आत?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे आला कसा?"

खोटं बोलावं असं बेगिमायला क्षणभर वाटलं. "बाजारात मिळाला. जुन्या कपड्यांत. किलोनं."

म्हाताऱ्यानं पाठीचा तुकडा तळहातावर घेऊन तोलला. बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. बेगिमाय मान खाली घालून बसली.

"किती भरला?"

"साडेतीन."

"चार होता," आबा म्हणाले. "अर्धा किलो घासला तिनं. वापरला म्हणायचा." आणि ते कपाकडे हात नेत म्हणाले, "राखिया दोन वर्षांपूर्वी गेली. पोरांनी घर आवरलं असेल. त्यांचं तरी काय चुकलं? एवढा जड कोट आता कोण घालतं?"

बेगिमायला धीर आला. आणि धीर आल्याबरोबर तिचे प्रश्न सुटले. छातीवरचा खिसा कशासाठी? उजव्या खांद्याला दोन गाद्या का? घोड्याचे केस कुणी शिकवले? आणि टाके, टाके असे उलटे का? तुम्ही डावखुरे आहात का?

"हळू, हळू," आबा म्हणाले. "सैन्यात गेलो तेव्हाही माझी एवढी तपासणी झाली नव्हती."

पण त्यांना बरं वाटत होतं हे दिसत होतं. ते सरळ होऊन बसले.

राखिया सामुदायिक शेतीच्या डेअरीत दूध मोजून घ्यायची. पहाटे गोठ्यांवर जायचं, प्रत्येक कॅनमध्ये काचेची नळी सोडून दुधाची डिग्री बघायची, पाणी घातलंय का ते ओळखायचं. हिवाळ्यात ती नळी थंडीनं तडकायची. वर्षाला एकच नळी मिळे. फुटली की पगारातून कापून घेत. म्हणून खिसा छातीशी, अंगाच्या उबेत, नमद्याचा, तळाला उशी. वीस वर्षं ती बाई एकाच खांद्यावर कॅन उचलत आली होती. उजवा खांदा दोन बोटं खाली उतरला होता. पहिल्यांदा मापं घ्यायला आली तेव्हा लाजून शाल पांघरून बसली.

"मी म्हटलं, अगं, ढग डोंगराच्या एकाच अंगाला बसला म्हणून कुणी डोंगराला हसतं का? बस सरळ." आबा हसले. "कोट घालून गावातून गेली तेव्हा खांदे असे, तराजूच्या दांडीसारखे."

"म्हणजे वोडका नव्हती," बेगिमाय म्हणून गेली.

"काय?"

तिनं सासूबाईंचा तर्क सांगितला. आबा इतके हसले की सून दारात येऊन बघून गेली.

"आणि उलटे टाके?" बेगिमायनं चहा खाली ठेवला.

"ते मलाही बरीच वर्षं कळलं नव्हतं," आबा म्हणाले. सैन्यातून परत आल्यावर त्यांना शेतावर काम नको होतं. गावात मार्ता नावाची एक जर्मन म्हातारी शिवण करायची. तिला किर्गीज येत नव्हतं, यांना जर्मन येत नव्हतं, आणि रशियन दोघांनाही बेताचंच. तिच्या खोलीत एकच टेबल. एका बाजूला ती, समोर हे. ती काही समजावून सांगायची नाही, फक्त करायची. हे बघायचे आणि तसंच करायचे. "तिचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर. ती सुई या अंगानं घालायची, मी माझ्या त्याच अंगानं. आरशात बघून शिकल्यासारखं. वर्षभरानं तिनं माझं काम हातात घेतलं आणि कपाळावर हात मारला. पण टाका घट्ट होता, एकसारखा होता. म्हणाली, असू दे, कोटाला काय कळतंय. मी जेवतो उजव्या हातानं, लाकडं फोडतो उजव्या हातानं, फक्त सुई डाव्या हातात."

बेगिमाय स्वतःचे दोन्ही हात समोर धरून बघत राहिली. एका टेबलाच्या रुंदीमुळे माणसाचा हात बदलतो, हे तिच्या डोक्यातून जाईना.

मग तिनं शेवटचा प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी ती खरं तर आली होती. "आबा, सलग कापडाच्या मधोमध खिसा कसा उघडतो?"

"ते सांगण्यासारखं नाही, करण्यासारखं आहे," आबा म्हणाले. "आणि ते मी आज करणार नाही. आधी राखियाचा कोट जोडून आण. उसवणं उंदरालाही जमतं."

"जोडायला येत असतं तर..."

"आणखी काय आणलंयस? कागदाचा वास येतोय."

"वही. कुठला तुकडा कुठं होता ते काढून ठेवलंय."

"सगळे?"

"सगळे. टाकेसुद्धा मोजलेत. कॉलरमध्ये पाचशे बारा."

म्हाताऱ्यानं साय आलेले डोळे तिच्याकडे वळवले, जणू दिसतच होतं. "पाचशे बारा," ते सावकाश म्हणाले. "मीसुद्धा कधी मोजले नव्हते. मंगळवारी ये. आणि येशील तेव्हा माझ्या शेजारी बसायचं. समोर नाही."

हिवाळाभर बेगिमाय मंगळवारी आणि शुक्रवारी केंग-बुलाकला जात राहिली. मिनीबसचा ड्रायव्हर तिला 'इंजिनियर' म्हणायला लागला, कारण ती वाटेत वही उघडून बसायची. घरून ती कधी घेवडा न्यायची, कधी कालिपांनी तळलेले कणकेचे बोरसोक, तेही त्या "वोडकावाल्या शिंप्याला दे" असं म्हणत बांधून द्यायच्या. पैशाची गोष्ट आबांनी काढली नाही, तिनंही नाही.

शिकवण्याची पद्धत अशी, की आबा बघू शकत नव्हते आणि बेगिमायला करता येत नव्हतं. ती टाका घालायची, ते त्याच्यावरून बोट फिरवायचे. "हा रागात घातलाय," ते म्हणायचे. "हा घाईत. हा बरा. हा घालताना तू बोलत होतीस." तिला सुरुवातीला वाटायचं की म्हातारा थट्टा करतोय. मग एकदा तिनं मुद्दाम मनात काहीतरी चीड आणून चार टाके घातले आणि ते त्यांनी बरोबर ओळखले. ती घरी जाऊन सासूबाईंच्या जुन्या शिवणीवर डोळे मिटून बोट फिरवत बसली. कालिपांनी विचारलं काय चाललंय, तर म्हणाली, "तुमचा स्वभाव वाचतेय."

"मला विचारलं असतंस तर तोंडी सांगितला असता."

कोट पुन्हा कोट व्हायला सात आठवडे लागले. नमदा तोच, घोड्याचे केस तेच. आबांच्या सांगण्यावरून तिनं उजव्या खांद्यातली एक गादी काढली. "तुझे खांदे सरळ आहेत," ते म्हणाले. "निदान अजून तरी." चोरखिसा काढायचा का, असं तिनं विचारलं. "तुझा कोट आहे, तुझं तू बघ." तिनं तो ठेवला. कॉलरचे टाके, आबांनी उसवून पुन्हा घालायला लावलेले, आता तिचे होते, उजवीकडे झुकणारे. आबांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "पाचशे बारा आहेत?"

"चारशे नव्वद."

"आळशी," ते म्हणाले आणि खिशाचं कापड मागवून घेतलं.

खिसा शिकायला मात्र एकच दुपार लागली. आबांनी पोत्याचा तुकडा मांडीवर पसरला, वर दोन पट्ट्या ठेवायला लावल्या आणि समांतर दोन शिवणी मारायला सांगितल्या.

"आता काप," ते म्हणाले. "दोन शिवणींच्या बरोबर मध्ये. टोकाला पोहोचलीस की दोन्ही कोपऱ्यांकडे तिरकं. टाक्यापर्यंत जायचं, टाका कापायचा नाही. एक सूत आधी थांबलीस तर सुरकुती, एक सूत पुढं गेलीस तर भोक."

"आणि कडा? सुतं निघतील ना?"

"काप आधी."

तिनं कापलं. पट्ट्या त्या फटीतून आत ढकलल्या, आणि बेगिमायच्या डोळ्यांसमोर कापडाला तोंड फुटलं, दोन बारीक ओठांचं. कापलेल्या कडा पट्ट्यांबरोबर आत निघून गेल्या होत्या, पिशवीच्या मागं. इतकंच होतं. आधी शिवायचं, मग कापायचं. ती वर्षभर आधी कापत आली होती.

तिला हसू आलं आणि थोडी चुटपुटही लागली. "एवढंच?"

"एवढंच," आबा म्हणाले. "मला मार्तानं दाखवलं तेव्हा मलाही असंच वाईट वाटलं होतं. घरी जाऊन मी दिवसभरात अकरा खिसे केले. बाबांच्या एकाच सदऱ्यावर."

मार्चमध्ये राजधानीतून, बिश्केकहून, आबांचा मुलगा आला. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. निघताना आबांनी बेगिमायला काही दिलं नाही, उपदेशही केला नाही. उलट तिच्या पिशवीतला घेवडा चाचपून विचारलं, "हा तुमच्याच शेतातला ना? आणखी पाच किलो पाठव. तिकडे मिळतो तो शिजत नाही."

एप्रिल लागला, जमीन मऊ झाली. बेगिमाय दिवसभर सरी ओढायची आणि दुपारच्या सुट्टीत, कधी रविवारी, मशीनपाशी बसायची. गावात बातमी पसरली होती. आधी चेन बदलायला लोक आले, मग शाळेचे गणवेश आखूड-लांब करायला, मग मिनीबसच्या ड्रायव्हरनं सीटची कव्हरं शिवायला टाकली. कुणी पैसे द्यायचं, कुणी अंडी, एकानं गाडीभर चारा आणून टाकला. तिनं शहरातून दोऱ्याच्या रिळांचा डबा घेतला आणि खरीखुरी शिवणाची कात्री, जी घेताना दुकानात तीन वेळा खाली ठेवून उचलली. नवं, कोरं कापड मात्र अजून कुणी तिच्या हातात दिलं नव्हतं. जुनं दुरुस्त करणाऱ्याला नवं कापायला कोण देतो?

मे महिन्याच्या एका सकाळी कालिपा खोलीत आल्या आणि त्यांनी मशीनशेजारी एक घडी ठेवली. गडद डाळिंबी मखमल, कोरी, कापराचा वास येणारी. बेगिमायनं ती ओळखली. सासूबाईंच्या पेटीच्या तळाशी कापडांचा जो गठ्ठा होता त्यातलीच. त्या गठ्ठ्याला घरात कुणी हात लावत नसे. रीतीप्रमाणे कालिपांच्या मयतीला आलेल्या बायकांना त्यातला एकेक तुकडा फाडून वाटायचा होता. त्यांनी तो तीस वर्षं एकेक करून जमवला होता.

"एने, ही तर..."

"माहीत आहे मला कशासाठी आहे. मीच ठेवली होती." कालिपा दिवाणावर बसल्या. "रात्री विचार केला. मी मेल्यावर त्या शेजारच्या सोनूनच्या हातात वीतभर मखमल जाणार. ती त्याचं काय करणार? चहाची किटली पुसणार. त्यापेक्षा मीच घालते. बिनबाह्यांचं जाकीट शिव, गुडघ्यापर्यंत. खिसे पाहिजेत. मधोमध."

"मी नवं कापड कधी कापलं नाहीये."

"मी कधी मखमल घातली नाहीये. म्हणजे दोघींचं पहिलंच."

बेगिमायनं हात स्वच्छ धुतले, पुसले आणि मखमल टेबलावर पसरली. सहज म्हणून तळहात फिरवला. खालून वर फिरवला तर कापड काळसर, जवळजवळ जांभळं झालं. वरून खाली फिरवला तर एकदम उजळलं, पिकलेल्या चेरीसारखं. तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. एकाच कापडात दोन रंग होते आणि कुठला वर ठेवायचा ते कुठल्याच वहीत नव्हतं. आबांना फोन करावा असं मनात आलं. पण कालच सुनेचा निरोप आला होता, दुसऱ्या डोळ्याची पट्टी अजून सुटली नाही, त्यांना बोलू देत नाहीत, आणि ते त्यावरून सगळ्या वॉर्डाशी भांडतायत.

"एने, जरा उठा. खिडकीशी उभ्या राहा."

"कशाला?"

"उजेडात बघायचंय."

कालिपा कुरकुरत उठल्या. बेगिमायनं मखमल त्यांच्या उजव्या खांद्यावरून लव खाली करून सोडली, डाव्या खांद्यावरून लव वर करून, आणि चार पावलं मागं गेली. मग दारापर्यंत गेली. मग बाहेर अंगणात जाऊन खिडकीतून बघितलं.

"अगं, मी काय बाहुली आहे का?" आतून आवाज आला.

"हलू नका! डावी बाजू काळी दिसते, पण तोंड उजळ दिसतं तिच्यामुळं. उजवी बाजू नुसती स्वतःच चमकते."

"मग?"

"मग बघतेय. वळा जरा."

कालिपा वळल्या. मेच्या उन्हात मखमल एका बाजूला उजळली, दुसऱ्या बाजूला विझली. बेगिमायनं आत येऊन मखमल पुन्हा टेबलावर पसरली, डाव्या बाजूसारखी लव वर ठेवायची म्हणून खडूनं वरच्या दिशेनं एक बाण काढला, कात्री उचलली, आणि कापायच्या आधी आणखी एकदा तळहात फिरवून बघितला.